नवसीचा सव्वा महिना

नवसी पादीर माझ्या वर्गात दोन आठवडे बसत होती आणि मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचे. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला चौदा-पंधरा मुलं. निम्मी सिंधी दुकानदारांची, त्यांना डिग्री लग्नाच्या बोलणीत उपयोगी पडायची. उरलेली माझ्यासारखी, दुसरं काही जमलं नाही म्हणून इंग्रजीकडे वळलेली. हे मी कडवटपणाने सांगत नाही. थोडंसं सांगते.

१९९१ साली अभ्यासाला एक नाटक होतं. तीनशे वर्षांपूर्वीचं परदेशातलं एक खेडं. काही पोरी अचानक आजारल्यासारख्या करतात, किंचाळतात. मोठी माणसं विचारतात, तुमच्यावर करणी कुणी केली? पोरी एका बाईचं नाव घेतात, मग दुसरीचं. खटले उभे राहतात. जी ‘हो, मी चेटकीण’ म्हणते ती सुटते, जी ‘नाही’ म्हणते ती फासावर जाते. मी ते नाटक सात वर्षं शिकवत होते. माझ्या नोट्स पिवळ्या पडल्या होत्या आणि त्यात ‘सामूहिक उन्माद: कारणे व परिणाम’ या प्रश्नाखाली दोनदा रेघ मारलेली होती, कारण तो हमखास दहा मार्कांना यायचा.

नाटक संपवून मी फळा पुसत होते तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला. “मॅडम, त्या पोरींचं पुढं काय झालं?”

“कुठल्या पोरींचं?”

“नावं घेतली ज्यांनी.”

मला बारा चाळीसची गाडी पकडायची होती. मी म्हणाले, “नाटक जिथे संपतं तिथे आपला अभ्यास संपतो. परीक्षेला येणार नाही ते.” वर्ग हसला. ती हसली नाही. खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, बिचारी ‘परीक्षेला येणार नाही’ हेच लिहून घेते आहे.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. ठाकरांची मुलगी, बारवी धरणाच्या बाजूला डोंगराखाली वाडी. वाडीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की कुणीतरी तिथे जाऊन फोटो काढील. बदलापुरात मांजर्लीला वेणूबाई म्हणून एक आगरी बाई होत्या, त्यांच्याकडे ही राहायची, भांडी-धुणं करायची आणि शिकायची. शाळा आश्रमशाळेत झालेली. हे सगळं मी विचारल्यावर तिने सांगितलं. न विचारता एकच गोष्ट सांगितली.

“मॅडम, मी पण नाव घेतलंय. मी नऊ वर्षांची होते.”

मी तिला आत बोलावून बसवलं. ती सांगत गेली, आणि दर दोन वाक्यांनी घड्याळाकडे बघायची सवय असलेली मी घड्याळ विसरले.

१९८०च्या पावसाळ्यात तिचा धाकटा भाऊ तापाने गेला. दीड वर्षाचा. आठ दिवसांनी वाडीतली आणखी दोन पोरं आजारी पडली, तेव्हा भगताला बोलावलं. भगत म्हणजे देवऋषी. सुपात तांदळाचे दाणे टाकून तो कोणी काय केलं ते बघतो. सगळी वाडी जमलेली. सकाळपासून कुणी काही खाल्लेलं नव्हतं, नवसीनेही नाही. धूप, ढोल, गर्दी. ती थरथरायला लागली. भुकेने की भीतीने, तिला आजही सांगता येत नव्हतं. पण बायका म्हणाल्या, पोरीला वारं आलं, भाऊच बोलतोय तिच्यातून. भगताने सूप खाली ठेवलं आणि तिला विचारलं, “नाव घे. कुनी खाल्ला तुला?”

“आणि तू?”

“मी भिकीआय म्हटलं.”

भिकी म्हणजे वाडीतलीच विधवा. वाडीत लग्न निघालं की धवळे म्हणायला तीच. धवळे म्हणजे त्यांची लग्नगीतं. एक बाई ओळ सांगते, बाकीच्या बायका ती उचलतात. भिकीच्या गळ्याची आसपासच्या चार वाड्यांत आठवण काढायचे.

“तिचंच का?”

नवसीने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाली, “मॅडम, त्या दिवशी सकाळी मी तिच्या वेलावरची काकडी चोरली होती. खाण्याआधीच तिने पाहिलं. म्हणाली, तुझ्या आयला सांगते. मला वाटलं, आता नाही सांगणार.”

 मी तिला विचारलं, पुढे काय झालं.

भिकीला त्या दिवशी मारलं. भुताळी म्हणाले तिला. तिचं झोपडं मोडून ओढ्यापलीकडे टाकलं. तेव्हापासून तिच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं, लेकरं तिच्या सावलीतून ओढून नेत होते, आणि लग्नात धवळे म्हणायला दुसऱ्या वाडीतून बाई आणत होते. अकरा वर्षं.

“मी काय करू?” नवसीने विचारलं.

आता यावर शहाण्या माणसाने गप्प बसायचं असतं. पण मी प्राध्यापक होते. मी तिला म्हणाले, “खरं बोल. सगळ्यांसमोर उभी राहा आणि सांग की मी खोटं बोलले. सत्य बोलायला उशीर झाला तरी बोलावं.” नाटकाच्या शेवटच्या अंकावर मी हेच शिकवते, तेच तिला दिलं. मला त्या दिवशी घरी जाताना फार बरं वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली. वाघबारसेला सगळी वाडी वाघोबापाशी जमते, नैवेद्य होतो, जेवणं होतात. जेवणाआधी नवसी उभी राहिली आणि सगळं बोलली. काकडीपासून सगळं.  तिचं संपल्यावर भगत शांतपणे म्हणाला, “ही नवसी नाय बोलत. तिच्या तोंडून ती बोलते. शिकलेल्या पोरीला पन धरलान तिनं.”

लोकांना पटलं. पटणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी भिकीचं कुंपण मोडलेलं आणि तिच्या चार कोंबड्या मारून टाकलेल्या. ठरलं की पुढच्या महिन्यातल्या पुनवेला दाणे पुन्हा बघायचे, आणि भुताळी एवढी जोरावर आली असेल तर तिला वाडीत ठेवायची नाही. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका वाडीतून अशाच एका बाईला हाकललं होतं. ती तिसऱ्या दिवशी डोहात सापडली होती.

सुट्टी संपल्यावर नवसीने हे मला स्टाफरूममध्ये सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता, हजेरी द्यावी तसं सांगितलं. आणि मला एकदम आठवलं की हे सगळं नाटकात आहे. एक पोरगी खरं बोलायला उभी राहते आणि बाकीच्या तिलाच चेटकीण ठरवतात. मी त्या प्रसंगावर टिपा लिहायला सांगते, पाच मार्क. सात वर्षं ते वाचून, वाचून दाखवून, मी या मुलीला हातात दिवा देऊन वाऱ्यात पाठवलं होतं. मला माझी भयंकर लाज वाटली.

मी म्हणाले, पोलिसांत जाऊ. ती म्हणाली, “जीप येईल मॅडम. एक दिवस. परत जाईल. भिकीआयला तिथंच राहायचंय.”

“मग?”

“मी तिच्याकडे राहायला जाते. तिच्या हातचं खाते. रोज. सगळ्यांना दिसेल असं.”

मी प्राध्यापकच. मी म्हणाले, “तुझी हजेरी भरणार नाही. परीक्षेला बसू देणार नाहीत.”

“बोलून झालं ना, मॅडम,” ती म्हणाली. “बोललेलं कुणाला पटत नाही. तिच्या हातचं खाऊन मला काही होत नाही, हे दाखवणार.”

ती गेली. डिसेंबरमधल्या पुनवेला भगत आला, तेव्हा नवसी ओढ्यापलीकडे भिकीच्या दारात बसून भाकरी खात होती. सगळे बघत होते. तिला ओढून आणायची हिंमत कुणाची झाली नाही, कारण ती आता भुताळीची झाली होती. भगताने दाणे टाकले आणि निकाल दिला: सव्वा महिना. भुताळीच्या हातचं खाणारी सव्वा महिन्यात वाळून जाईल. ती दुखण्याने झोपली की समजा, आणि मग भिकीचं काय करायचं ते करा. तो हुशार माणूस होता. पण ती झोपलीच नाही तर काय, हे त्याने सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

हे मला वेणूबाईंकडून कळलं. त्यांच्याकडे लाकडाची मोळी विकायला वाडीतली एक बाई यायची, ती बातम्या आणायची. नवसी रोज सकाळी डोक्यावर हंडा घेऊन वाडीच्या मधून विहिरीवर जाते. पलीकडची वाट जवळची आहे, तरी मधूनच जाते. लोक दाराआडून तिचे दंड बघतात, बारीक झाले का. भिकीकडे असेल नसेल ते नवसीच्या ताटात पडतं, त्यामुळे पोरीचे गाल जरा वर आलेत, असंही ती बाई म्हणाली. मी अंबरनाथला शिवमंदिराच्या गल्लीत माझ्या घरी बसून पेपर तपासायचे आणि मनात दिवस मोजायचे.

जानेवारीच्या मध्याला वेणूबाई स्वतः कॉलेजात आल्या. कधी आल्या नव्हत्या. पदर सारखा करत म्हणाल्या, “मॅडम, पोरीनं मोलीवालीजवल चिठी पाठवलीय. थंडीतापाच्या गोल्या पायजेत. आनि कुनाला बोलू नका, असा बोललीय.”

अजून आठ-नऊ दिवस बाकी होते.

मी डॉक्टरकडून गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने निघाले. पुढे तासभर चाल. वाडीच्या अलीकडे वाटेवर एक बाई कोयत्याने झुडपं तोडत होती. मला बघून थांबली. शहरातली चप्पल, खांद्याला पर्स, मी कोण हे तिला कळलंच असणार.

“कालेजातल्या बाई का?”

“हो. तुम्ही?”

“चंद्री. नवसीची आय.”

मी सावध झाले. मुलीने घर सोडल्यापासून ही बाई तिच्याशी बोललेली नव्हती, हे मला माहीत होतं. जिचा मुलगा गेला तीच ही. भिकीला पहिला दगड हिनेच मारला होता, असंही नवसीने सांगितलं होतं. मी म्हणाले, सहज भेटायला आले.

चंद्रीने पुन्हा कोयता चालवायला सुरुवात केली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “चार दिस झालं ताप हाय तिला. हंडा घेऊन जाते तवा पाय उचलत नाय. गोल्या आनल्यास ना?”

मी विचारलं, “तुम्ही कुणाला बोललात का हे?”

“नाय.”

एवढंच. तिने एका शब्दाने सांगितलं असतं, तर सव्वा महिना तिथेच संपला असता. घरचं माणूस घरच्या माणसाचा ताप लांबून ओळखतं. चार दिवस ती दारात उभी राहून आपली मुलगी तापात पाणी वाहताना बघत होती आणि बाजूच्या बायकांना, “कसली धडधाकट हाय, काय झाला नाय तिला,” असं सांगत होती. हे मला नंतर कळलं. मी खाली बघत पुढे गेले.

भिकीचं झोपडं लहान आणि इतकं स्वच्छ की मला माझ्या स्वयंपाकघराची आठवण होऊन ओशाळल्यासारखं झालं. नवसी आत गोधडीत होती, दात वाजत होते. गोळ्या घेतल्या आणि पहिलं वाक्य बोलली ते, “मॅडम, किती वाजले? चारला पाण्याला जायचंय.” मी ओरडले तिच्यावर. ती म्हणाली, “तुम्ही वर्गात ओरडता तसंच ओरडता.”

भिकी पन्नास-पंचावन्नची असेल, वाळलेली, हाताला सतत काम असलेली. तिने मला कोरा चहा दिला. कप घेताना माझा हात अर्धा क्षण थांबला. मी एम.ए. झालेली बाई, आणि हात थांबला. भिकीने ते पाहिलं. अकरा वर्षं लोकांचे हात बघत आलेली बाई ती, तिच्या नजरेतून कसं सुटेल? मी चहा प्यायले, आणखी मागितला, पण ते झालं ते झालं.

नवसीला डोळा लागल्यावर मी भिकीला विचारलं, की हिनेच नाव घेतलं हे तुम्हाला ठाऊक होतं, मग घरात कशी घेतली?

ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, “नऊ वर्साची पोर. तिला काय ठावं?” मग म्हणाली, “काकडी मागितली असतीन तर दिली असती मी. नुसती भिववली व्हती. आयला थोडीच सांगनार व्हते.”

चार वाजता नवसी उठली. भिकीने तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, केस बांधून दिले, हंडा डोक्यावर ठेवला. ती ओढा ओलांडून वाडीत शिरली आणि मी भिकीच्या दारातून बघत राहिले. ती सरळ चालत होती. मध्ये एका घरापाशी थांबून तिने एका कुत्र्याला हाड् केलं, अगदी जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सव्वा महिना संपला. नवसी वाळली नाही. भगत त्यानंतर महिनाभर वाडीकडे फिरकला नाही. आला तेव्हा म्हणाला की शिकलेल्यांचं रक्त वेगळं असतं. काहींना हेही पटलं. पण भिकीला हाकलायचं पुन्हा कुणी काढलं नाही, आणि त्या उन्हाळ्यात एका घरच्या सुनेने भाकरीसाठी विस्तव मागायला मुलाला ओढ्यापलीकडे पाठवलं. परत बोलावलं नाही.

नवसीचं ते वर्ष गेलं. हजेरीच्या यादीत तिच्या नावापुढे मीच लाल रेघ ओढली, नियम तो नियम. पुढच्या वर्षी ती सेकंड क्लासमध्ये पास झाली. नाटकावरच्या प्रश्नाला तिला दहापैकी चार मार्क पडले. मला वाटतं, तिने नोट्समधलं काही लिहिलं नसणार. मग ती आश्रमशाळेत शिक्षिका झाली. त्या परदेशातल्या पोरींचं पुढं काय झालं ते मी अजून कुठे वाचलेलं नाही. हिचं तेवढं मला माहीत आहे.

मध्ये एक गोष्ट झाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९५च्या सप्टेंबरात एका सकाळी बातमी पसरली की गणपती दूध पितो. आमच्या गल्लीत देवळापुढे रांग लागली. डॉक्टर, बँकवाले, कॉलेजातले माझे दोन सहकारी. मी गंमत बघायला म्हणून गेले आणि हातात चमचा घेऊन रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. दूध थोडं हललं, थोडं सांडलं. मागून शेजारच्या मालिनीने विचारलं, “प्यायला का हो?” पन्नास डोळे माझ्या तोंडाकडे. आणि मी म्हणाले, “हो.” लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तशातली मी. घरी येऊन मी तो चमचा धुऊन ठेवला. मी बेचाळीस वर्षांची होते, पोटभर नाश्ता केलेला होता, आणि मला कुणी धाक घातला नव्हता.

नवसीचं लग्न १९९६च्या मे महिन्यात झालं, वांगणीकडचा वाळू म्हणून शिक्षक मुलगा. लग्न वाडीतच. तिने वडिलांना, देऊला, एकच अट घातली होती, धवळे भिकीआय म्हणेल. देऊ तिला म्हणाला होता, बायका उठून गेल्या तर? ती म्हणाली, गेल्या तर गेल्या.

मी वेणूबाईंबरोबर मांडवात बसले होते. हळद झाली आणि भिकी पुढे आली. नवी साडी, नवसीने घेतलेली, घडीच्या रेघा दिसत होत्या. तीन-चार बायका खरंच उठल्या आणि पोरांना ओढत मांडवाबाहेर गेल्या. बाकीच्या खाली बघत बसल्या. भिकीने डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. सोळा वर्षं न वापरलेला गळा. पहिले शब्द फाटले, पुढचे लागले.

ओळ संपली. आता बायकांनी ती उचलायची. कुणी उचलली नाही.

मी कधी कुठल्या शांततेला इतकी घाबरले नव्हते. मला ती ओळ येत असती तर मी बेसूर का होईना म्हटली असती. पण मला येत नव्हती, आणि येत असती तरी माझी नव्हती. भिकी डोळे मिटूनच उभी होती. हळदीने माखलेली नवसी पाटावर ताठ बसली होती, हंडा डोक्यावर असल्यासारखी.

मग माझ्या मागून एक जाड, न कमावलेला आवाज आला. चंद्री. ती भिकीकडे बघत नव्हती. मांडवाच्या खांबाकडे बघत होती, आणि तिचा आवाज मध्ये दोनदा थांबला. पण तिने ओळ शेवटपर्यंत नेली.

भिकीने डोळे उघडले आणि दुसरी ओळ सांगितली. ती चौघींनी उचलली.